चोवीसवरची पिकअप

सिंकखालच्या कपाटाला पाय लावल्याशिवाय न उघडणारा तो ड्रॉवर लोर्ना ऊस्टरहाउस दोन्ही हातांनी ओढत होती, नेमकी तेव्हा तिच्या नवऱ्यानं अंगणात पिकअप आणून उभी केली. हिरवी, वयस्कर, पाठीवर पत्र्याची खोली आणि त्या खोलीला बशीएवढी खिडकी. नवीन स्वयंपाकघरासाठी बाजूला काढून ठेवलेले सगळे पैसे आता चार चाकांवर उभे राहून तेल गाळत होते.

"हे काय आहे?" लोर्नानं दारातून विचारलं.

"घर आहे," वेंडल म्हणाला. "चालतं घर."

"आपल्याकडे एक आहे की. त्याचा ड्रॉवर चालत नाही."

वेंडल ऊस्टरहाउस टॅनर्स फेरीच्या नगरपालिकेत बांधकाम परवान्यांच्या खिडकीमागे बसायचा. कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या अंतर्भागातल्या त्या गावात कुणाला घरामागे लाकडी ओसरी काढायची असेल, तर वेंडल तिच्या पायरीची उंची मोजायला लावायचा आणि अर्ज परत करायचा. वाईट माणूस नव्हता. स्वतः कधी काही न बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बांधकामात जेवढा रस असतो, तेवढाच त्याला होता. पण त्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर जिल्ह्याचा एक नकाशा होता, आणि त्या नकाशानं त्याला पछाडलं होतं. गावाच्या उत्तरेला मिलिगन नावाचा जंगलातला रस्ता निघतो, वळतो, चढतो, आणि एका बिननावाच्या निळ्या ठिपक्याजवळ, तळ्याजवळ, चव्वेचाळिसाव्या किलोमीटरला एकदम संपतो. गावात पोचत नाही, खाणीत पोचत नाही, तळ्यालाही टेकत नाही. कुणीतरी एवढा डोंगर फोडून रस्ता नेला आणि तिथेच का थांबला? हा प्रश्न त्यानं ऑफिसात सगळ्यांना विचारून झाला होता. शेजारी मर्व्ह कोवालचुकलाही विचारला होता. मर्व्ह म्हणाला होता, "कारण पुढे रस्ता नाही."

असल्या उत्तरावर जगात बहुतेकांचं समाधान होतं. वेंडलचं झालं नाही, हा त्याच्यातला एकच चांगला गुण, आणि त्यापायीच हे सगळं घडलं.

लोर्ना शाळेच्या ग्रंथालयात काम करायची. भांडणात ती कधी आवाज चढवत नसे, अटी घालत असे.

"एक शनिवार-रविवार," ती म्हणाली. "तू, मी आणि हे तुझं चालतं घर. कुणाची मदत मागायची नाही. मर्व्हला बोलवायचं नाही, ओढणारी गाडी मागवायची नाही. तू मदत मागितलीस, की सोमवारी ही विकायची आणि मंगळवारी सुतार बोलवायचा."

"आणि नाही मागितली तर?"

"तर ठेव. मी पाय लावून ड्रॉवर उघडेन."

इथं गप्प बसला असता तर तो वेंडल कसला. प्रत्येक कागदाला आणखी एक कलम जोडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. "पण मग तूही मला मदत करायची नाही," तो म्हणाला. "'अरे इकडे वळ', 'अरे तिकडे बघ', काही नाही. नाहीतर परत आल्यावर वर्षभर सांगशील की मीच नेलं याला."

"म्हणजे मी बोलायचंच नाही?"

"बोल ना. मदत करू नकोस."

"वेंडल, आपल्या लग्नात या दोन गोष्टी वेगळ्या कधी होत्या?"

तरी तिनं हात पुढे केला, आणि त्या अर्धवट उघड्या ड्रॉवरवर दोघांनी हात मिळवले.

बातमी कुंपणापलीकडे जायला वेळ लागला नाही. मर्व्ह लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाला होता आणि आता पूर्णवेळ सल्ला देत असे. त्यानं पिकअपला एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली, पत्र्यावर टिचक्या मारल्या.

"हवा कमी कर चाकातली. खडीवर गाडी नाचणार नाही."

तेवढ्यात समोरची फिलिस केवळ मर्व्हचं खोडून काढायला रस्ता ओलांडून आली. तिचा पहिला नवरा जंगलखात्यात होता. "हवा कमी करू नकोस हं वेंडल. माझ्या नवऱ्यानं केली होती."

"मग काय झालं?"

"मग मी दुसरं लग्न केलं."

"तो हवेनं गेला नाही फिलिस, तो पळून गेला," मर्व्ह म्हणाला.

"टायर पंक्चर झाला म्हणून तिथं थांबला, आणि ती भेटली. म्हणजे हवेनंच गेला."

वेंडलनं दोन चाकांतली हवा कमी केली आणि दोन तशीच ठेवली. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे तर असंच करावं लागतं.

मर्व्हनं खिडकीतून आत डोकं घातलं. "मोंटानाची दिसते गाडी. सरहद्दीपलीकडची, अमेरिकेतली. मैलांची आहे, लक्षात ठेव."

"दोन्ही आहेत," वेंडलनं वेगाच्या तबकडीवर बोट टेकवलं. बाहेरच्या गोलात मोठे आकडे मैलांचे, आतल्या गोलात बारीक आकडे किलोमीटरचे. "मी आतले वाचतो."

"बरं बाबा, वाच," मर्व्ह म्हणाला. तबकडीखालच्या छोट्या खिडकीत, किती अंतर कापलं ते दाखवणारे पांढरे आकडे होते. त्यांना आत-बाहेर काही नव्हतं. ते एकाच देशाचे होते. तिकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मग सामान. गावाबाहेर एक दुकान आहे, जिथं माणसाला गरिबासारखं राहायला लागणाऱ्या वस्तू श्रीमंताच्या दरात मिळतात. घडीची खुर्ची, घडीची बादली, घडीचा चमचा. दुकानदारानं वेंडलला कॉफी पाजली आणि गाडीत झोपण्यातलं स्वातंत्र्य समजावून सांगितलं. त्याच गावात खेळाच्या मैदानामागे दोन-चार माणसं बारा महिने गाडीतच झोपतात. त्यांना कुणी कॉफी पाजत नाही, स्वातंत्र्यही समजावत नाही. नगरपालिका त्यांच्या काचेवर नोटीस चिकटवते, आणि ती नोटीस वेंडलच्या शेजारच्या टेबलावरून निघते. घडीचा चमचा खिशात घालताना वेंडलला हे आठवलं नाही. आठवलं असतं तरी त्यानं चमचा घेतलाच असता.

शेवटी रेडिओ. मिलिगन रस्त्यावर फोन चालत नाही, आणि ओंडक्यांचे ट्रक चालतात. रस्ता एका गाडीचा. म्हणून तिथं चढणारा-उतरणारा प्रत्येकजण रेडिओवर आवाज देतो. आता रेडिओत त्या रस्त्याची वाहिनी भरून द्यायला दुकानाला सरकारी परवाना हवा होता. परवान्यासाठी सरकारी ऑफिसला रेडिओचा नंबर हवा होता. नंबर रेडिओच्या पोटावर होता, रेडिओ खोक्यात होता, आणि परवाना दाखवल्याशिवाय दुकानाला खोकं उघडता येत नव्हतं. वेंडलनं तीन हेलपाटे घातले. खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभं राहिल्यावर कसं वाटतं हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. "असले नियम करतं तरी कोण?" तो घरी येऊन ओरडला. लोर्नानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती त्याच्याबरोबर दुकानात गेली, पर्समधून फळं कापायची सुरी काढली, खोकं फाडलं, फोनवर सरकारी ऑफिसला नंबर वाचून दाखवला, परवाना मिळवला आणि सुरी पुसायला घेतली. करार शनिवारपासून लागू होता, म्हणून ही मदत धरली गेली नाही.

दुकानदारानं वाहिनी भरता भरता रीत सांगितली. "झाडांवर पाट्या आहेत, दर किलोमीटरला एक. पाटी आली की बोलायचं. रस्त्याचं नाव, पाटीचा आकडा, वर की खाली, गाडी कोणती. आकडे वाढत जाताना 'वर', कमी होताना 'खाली'. खाली येणारा ट्रक भरलेला असतो. तो थांबत नाही. मनात आणलं तरी थांबू शकत नाही. तो जवळ आलाय असं ऐकलंत, की रुंद जागा बघायची आणि बाजूला व्हायचं. एवढंच."

"एवढंच," वेंडल म्हणाला.

शनिवारी सकाळी निघाले. सप्टेंबर होता. उन्हाळ्यातल्या वणव्यांनी बुडवलेले दिवस भरून काढायला ट्रक शनिवारीही धावत होते. मिलिगनच्या तोंडाशी शून्याची पाटी होती. पुढची पाटी शिकाऱ्यांनी नेमबाजीला वापरली होती, तिची चाळण झाली होती. तिच्यापुढची झुडपानं गिळली होती. वेंडलनं मान हलवली. "ही व्यवस्था विश्वासार्ह नाही," असं त्यानं जाहीर केलं, पिकअप मागे घेत शून्याच्या पाटीपाशी आणली आणि तबकडीखालचे पांढरे आकडे शून्यावर केले. "यंत्र खोटं बोलत नाही."

यंत्र खोटं बोलत नाही हे अगदी खरं. ते मैलात बोलत होतं.

वेंडल जन्मला असेल परवान्यांसाठी, पण फुलला रेडिओवर. घसा साफ करून, माइक ओठांजवळ धरून, बातम्या देणाऱ्या माणसाच्या आवाजात तो म्हणाला, "मिलिगन. दहा. वर. पिकअप."

लोर्ना खिडकीबाहेर पाहत होती. एका देवदारावर स्वच्छ पांढरी पाटी गेली. सोळा.

"वेंडल, त्या पाटीवर तर..."

"मदत?"

"नाही. मी नुसती वाचत होते."

"मग मनात वाच."

लोर्ना मनात वाचू लागली. ग्रंथालयात तेच करायचा पगार मिळायचा. हे आकडे रेडिओवर का सांगतात याची तिला फारशी कल्पना नव्हती. दुकानदार रीत सांगत होता तेव्हा ती सुरी पुसत होती. पण नवरा सांगतो एक आणि झाड सांगतं दुसरं, आणि दोघांतलं अंतर वाढतच चाललंय, हे तिच्या लक्षात आलं होतं. हा कुठवर जातो, याचं तिला मनापासून कुतूहल वाटायला लागलं.

दोनदा भरलेले ट्रक समोरून आले. दोन्ही वेळा वेंडल नेमका रुंद जागी थांबलेला होता. काळजी घेऊन नव्हे. एकदा त्याला ओढ्याचं पाणी तांबडं का आहे ते बघायचं होतं, आणि एकदा रस्त्यात पडलेली विष्ठा अस्वलाची की कुणाची यावर तो काठीनं संशोधन करत होता. माणसाचं कुतूहल त्याचा जीव असाही वाचवतं. पण दर वेळी नाही.

"मिलिगन. चोवीस. वर. पिकअप."

पाठोपाठ रेडिओतून एका बाईचा आवाज आला. "मिलिगन, चाळीस, खाली, भरलेला. चोवीसवाल्या, सावकाश ये रे बाबा. तुला भेटायला मला अजून बराच वेळ आहे."

"बघ," वेंडल लोर्नाला म्हणाला. "ही खरी शिस्त. सोळा किलोमीटरचं अंतर आहे आमच्यात."

पुढच्या वळणावर ते अंतर संपलं.

आधी भोंगा आला, मग ट्रकचं नाक, आणि मग एक अख्खं जंगल आडवं होऊन अंगावर आलं. वेंडलनं डोळे मिटून उजवीकडे चाक फिरवलं. पिकअप डोंगराकडच्या चरात गेली, कलली, आणि कशाला तरी टेकून थांबली. ट्रक धुळीचा डोंगर उठवत निघून गेला. मागच्या खोलीतल्या सगळ्या घडीच्या वस्तू एकाच वेळी उघडल्याचा आवाज झाला.

हे आकडे का सांगतात, ते लोर्नाला आता नीट कळलं होतं.

रेडिओ खरखरला. तीच बाई. "यवॉन बोलतेय. सगळ्यांनी ऐका. एकोणचाळीसवर कुणी एक पिकअप आहे, तिनं एकदाही आवाज दिलेला नाही. चरात घातली शेवटी. माणसं धडधाकट दिसली आरशात. रेडिओशिवाय येतात गाढवं!"

वेंडल संतापानं लाल झाला. "ऐकलंस? रेडिओशिवाय! अशा लोकांमुळे आपल्यासारख्यांचं नाव खराब होतं. त्या बाईला आणखी कुणी तरी भेटलेला दिसतोय वर."

लोर्नानं त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. मदत करायची नाही असं ठरलं होतं.

आता खरा प्रश्न आला. पिकअप तीस अंश कललेली, मागचं एक चाक हवेत. मर्व्हनं दिलेला दोर होता, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला मर्व्ह नव्हता. मदत मागितली की सोमवारी गाडी विकली. आणि तळं, तो निळा ठिपका, रस्त्याचं ते टोक पुन्हा भिंतीवर जाऊन बसणार. वेंडलनं विचार केला आणि एक निर्णय घेतला, जो फक्त नोकरदार माणूसच घेऊ शकतो. जे झालंय ते तसंच व्हायचं होतं, असं त्यानं ठरवून टाकलं.

"इथंच मुक्काम करू," तो म्हणाला. "जागा छान आहे."

"चरात?"

"सावली आहे."

त्यानं खुर्च्या मांडल्या. त्या कलल्या, म्हणून तो त्यांच्या विरुद्ध बाजूला कलून बसला. चिखलात भिजलेले मोजे काढले आणि जवळच्या झाडाला ठोकलेल्या एका पाटीच्या दोन कोपऱ्यांवर वाळत घातले. मग नियमानं वागणारा माणूस म्हणून रेडिओवर कळवलं, "मिलिगन. चोवीस. पिकअप. थांबलेली. रस्ता मोकळा आहे."

थोड्या वेळानं एक पुरुषी आवाज आला. "रुडी बोलतोय. मी चोवीसवरून रिकामा वर चाललोय. इथं कुणी पिकअप नाही."

"मी चोवीसवरच आहे," वेंडल म्हणाला.

"मीही चोवीसवरच आहे भाऊ. तू कुठल्या झाडावर आहेस?"

"रस्त्याच्या उजव्या बाजूला. मला तुझा ट्रक दिसत नाही."

"मला तुझी पिकअप दिसत नाही. चला, निदान यावर तरी आपलं एकमत आहे."

खाली येणाऱ्या आणखी एकानं चोवीसवर वेग कमी करून बघितलं. तिसऱ्यानं भोंगा वाजवला. वेंडल म्हणाला, भोंगा ऐकू आला नाही. "मग बहिरा आहेस की मेलेला?" तिसऱ्यानं विचारलं. लोर्ना कलत्या खोलीत कलत्या चुलीवर कॉफी करत होती. मर्व्हच्या बायकोनं दिलेल्या, करंजीसारख्या बटाटा भरलेल्या पिरोगीही तिनं तव्यात टाकल्या. त्या घसरत घसरत एका कडेला जमल्या, तिथंच त्यांचा एक मोठा पिरोगी झाला.

मग खालून रुडीचा रिकामा ट्रक आला आणि त्यांच्यासमोर थांबला. खिडकीतून एक दाढी बाहेर आली.

"काय मंडळी, मदत हवी का?"

"नको, नको," वेंडल कलूनच म्हणाला. "मुक्काम आहे आमचा."

दाढीनं हवेतल्या चाकाकडे पाहिलं. लोर्नाकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला?"

"मला विचारू नका," लोर्ना म्हणाली. "मला फक्त बघायचंय."

ट्रक गेला. वेंडलनं कप तोंडाला लावला. रेडिओ खरखरला.

"रुडी. एकोणचाळीसवरचा गाढव ठीक आहे. मुक्काम करतोय म्हणे. निळी टोपी, अनवाणी, घसरत्या खुर्चीवर उलटा कलून कॉफी पितोय."

वेंडलचा कप तोंडाशीच थांबला. त्यानं डोक्यावर हात नेला. टोपी काढून बघितली. निळी होती. पायांकडे बघितलं. मग हळूहळू कॉफीकडे बघितलं, जणू चहाडी तिनंच केली होती.

लोर्ना उठली आणि झाडाच्या पाटीवरचे मोजे काढले. एकोणचाळीस.

"केव्हापासून ठाऊक होतं तुला?"

"सोळापासून. तू दहा म्हणालास तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस!"

"'मनात वाच', कोण म्हणालं होतं?"

वेंडल पिकअपकडे गेला आणि तबकडीखालच्या आकड्यांकडे नाक टेकेपर्यंत वाकला. मग डोकं आपटून सरळ झाला. "मैल आहेत हे," तो म्हणाला. आवाज एखाद्या फसवल्या गेलेल्या माणसाचा होता. "अमेरिकेचे मैल."

"मला वाटलं होतं तू एखादी तरी पाटी बघशील. पण तो ट्रक आला ना वेंडल, त्यानंतर हे गमतीचं राहिलं नाही. मरणार होतो आपण. तुझ्या त्या कलमामुळे, आणि मी ते पाळलं म्हणून."

वेंडलनं तिच्या हातातले मोजे घेतले आणि पायात चढवायला लागला. तेवढ्यात यवॉनचा आवाज आला, आणि या वेळी त्या आवाजात थट्टा नव्हती.

"चोवीसवाल्या, आवाज दे. मी ही शेवटची खेप घेऊन चोवीसवरून उतरले, तू कुठं दिसला नाहीस. चोवीसला खाली नदी आहे. तू तिथं कोसळला असशील आणि भ्रमात बोलत असशील, तर सांग. नाहीतर गावात पोचले की शोधपथक काढायला लावते. पंधरा माणसं घरचं जेवण टाकून येतील. बोल रे बाबा."

वेंडलनं माइककडे बघितलं. गप्प राहिला तर पंधरा माणसं रात्रभर नदीत दिवे मारत फिरणार. बोलला तर सोमवारपर्यंत अख्ख्या टॅनर्स फेरीत बोभाटा. त्याच्या खिडकीपुढे ओसरीचा अर्ज घेऊन येणारा प्रत्येकजण पायरीची उंची मैलात सांगणार. त्यानं माइक उचलला, ठेवला, उचलला. शेवटी बटण दाबलं. बातम्यांचा आवाज नव्हता आता.

"शोधू नका. चोवीसवाला मीच. एकोणचाळीसवालाही मीच. दोघं एकच आहेत. माझी गाडी मैल मोजते."

मग रुडीचं हसू आलं. मग तिसऱ्याचं. मग भोंगे. सगळ्या डोंगरभर भोंगे.

यवॉन मात्र हसली नाही. "सकाळपासून त्या रस्त्यावर मी जीव मुठीत धरून एक माणूस चुकवत होते, जो तिथं नव्हता. आणि जो होता, त्याला जवळजवळ चिरडलं. कळतंय का तुला?"

"कळतंय," वेंडल म्हणाला.

"ओढून काढायला पाठवू कुणाला?"

वेंडलनं लोर्नाकडे पाहिलं. लोर्नानं आकाशाकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "मुक्काम आहे."

"उद्या ट्रक बंद. दुपारी ग्रेडर घेऊन रस्ता सारखा करायला मीच येणारे. लाज संपली असेल तर आवाज दे."

त्या रात्री दोघंही घरंगळून खोलीच्या एकाच भिंतीला जाऊन चिकटली. इतक्या वर्षांत इतकी जवळ झोपली नव्हती. त्याला प्रेम म्हणायचं की उतार, यावर वाद घालायचं त्राण दोघांतही नव्हतं.

रविवारी रस्ता सुनसान होता. वेंडल पायरीवर बसून बूट घालत होता. "वीस किलोमीटर राहिले होते," तो म्हणाला. "चालत शक्य नव्हतंच."

"पाच," लोर्ना म्हणाली. "रस्ता चव्वेचाळीसला संपतो ना? आपण एकोणचाळीसला आहोत."

वेंडलनं बूट हातात धरून तिच्याकडे पाहिलं. गेल्या दोन दिवसांत त्याच्या चुकीनं पहिल्यांदाच त्याला काहीतरी दिलं होतं.

ते चालत गेले. रस्ता चढला, वळला, अरुंद झाला, आणि ओंडक्यांचे ट्रक वळवायला केलेल्या एका मोकळ्या गोलात संपला. पाटी नाही, अडथळा नाही. सगळीकडे कुजकी खोडं, गंजलेली तार, आणि खोडांमध्ये रांगेत लावलेली, खांद्याएवढी वाढलेली रोपं. पलीकडे, उताराखाली, ते तळं. राखाडी, छोटं, वाऱ्यानं शहारलेलं.

वेंडल गोलाच्या मधोमध उभा राहून स्वतःभोवती फिरला. "इथंच का थांबले?"

लोर्नानं खोडांवरून नजर फिरवली. "झाडं संपली म्हणून."

बस, एवढंच उत्तर होतं. कुणाला कुठे जायचंच नव्हतं. जेवढं कापायचं होतं तेवढं कापलं आणि माणसं परत गेली. तळं त्यांनी बघितलंही नसेल. नकाशावरच्या त्या रेघेत वेंडलनं इतकी वर्षं जे काय काय भरून ठेवलं होतं, ते एका वाक्यात रिकामं झालं. मर्व्हचं उत्तरही यापेक्षा बरं होतं. तो एका खोडावर बसला.

"आणि ही वाट?" लोर्ना म्हणाली.

गोलाच्या कडेनं, रोपांखालून, एक पायवाट उतरत होती. हरणांची असेल, माणसांची असेल.

"नकाशात नाही ती," वेंडल म्हणाला.

"म्हणूनच विचारतेय." ती उतरायलाही लागली होती.

वाट तळ्याकाठी दोन जुन्या देवदारांपाशी गेली. त्यांच्यामध्ये कमरेच्या उंचीवर एक जाड फळी ठोकलेली होती. वर भांडी टांगायचे खिळे, खाली दगडांची चूल. कुणा शिकाऱ्याचं जुनं स्वयंपाकघर. फळीखाली सफरचंदांच्या खोक्याचा एक ड्रॉवर बसवलेला होता. पावसानं काळा पडलेला.

सवयीनं लोर्नानं पाय झाडाच्या बुंध्याला लावला, दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. ड्रॉवर एवढा अलगद बाहेर आला की ती खोक्यासकट मागे पडली, आणि तिच्या मांडीवर एक चमचा, डबा फोडायची चावी आणि आगकाड्यांची बरणी येऊन पडली.

वेंडल मदतीला धावला, अर्ध्यात थांबला. "धरू का हात? की करारात..."

"धर रे!"

उठल्यावर तिनं ड्रॉवर परत बसवला. एका बोटानं उघडला. बंद केला. पुन्हा उघडला. मग गुडघ्यांवर बसून आत हात घातला आणि बोटं हुंगली.

"मेण," ती म्हणाली. "घसरपट्ट्यांना मेणबत्ती घासलीय. वेंडल, एवढंच होतं? नुसती मेणबत्ती?"

दोघंही त्या फळीपाशी आळीपाळीनं ड्रॉवर उघडत-मिटत उभी राहिली. तळ्यात एक पाणबुडा पक्षी बुडला आणि भलतीकडेच वर आला. परत निघताना लोर्नानं रात्री जाळून उरलेली, खिशात टाकलेली मेणबत्ती त्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. कोण होता, कधी येतो, हे तिला ठाऊक नव्हतं. ते जाणून घ्यावंसं मात्र तिला वाटत होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

चरापाशी पोचले तेव्हा दूर खालून ग्रेडरची घरघर येत होती. वेंडल पिकअपच्या पायरीवर बसला. त्याचा चेहरा अर्ज फेटाळला गेलेल्या माणसासारखा झाला होता. "मी मागतो मदत," तो म्हणाला. "ठरल्याप्रमाणे सोमवारी विकू. सुतारही बोलवू. तू जिंकलीस."

त्यानं माइककडे हात नेला. लोर्नानं तो आधीच उचलला होता.

"मिलिगन, एकोणचाळीस, पिकअप, चरात," ती म्हणाली. "मी लोर्ना ऊस्टरहाउस बोलतेय. यवॉन, आम्हाला मदत हवीय. मी मागतेय. माझा नवरा मागत नाहीये, हे जरा मोठ्यानं म्हणा, त्याला ऐकू दे."

"तुझा नवरा मागत नाहीये," रेडिओ म्हणाला. "आले बाई. वीस मिनिटं. मैलातली नव्हेत."

"करारात काय होतं?" लोर्ना वेंडलला म्हणाली. "तू मागितलीस तर. माझ्याबद्दल काही कलम नव्हतं. तुला जोडायला सुचलं नाही."

वेंडलनं रिकामा हात मागे घेतला. "आणि स्वयंपाकघर?"

"ते होणारच आहे. तुझी शिल्लक रजा विकून. तोवर मेणबत्ती आहे."

यवॉन साठीची, रुंद खांद्यांची बाई होती. तिनं वेंडलशी हात मिळवला नाही, लोर्नाशी मिळवला. साखळी लावली, ग्रेडरनं एक हिसका दिला, आणि पिकअप रस्त्यावर येऊन सरळ उभी राहिली. आत सगळ्या घडीच्या वस्तू एकदम मिटल्या. जाताना यवॉननं वेंडलच्या खिडकीवर हात ठेवला.

"पाट्या वाच," ती म्हणाली. "त्या शिकाऱ्यांसाठी लावलेल्या नाहीत. माझ्यासाठी लावल्यात."

उतरताना वेंडल गाडी चालवत होता आणि लोर्ना आकडे सांगत होती. रस्त्यावर कुणीही नव्हतं, तरी प्रत्येक पाटीला तिनं आवाज दिला, आणि प्रत्येक वेळी वरून, ग्रेडरच्या घरघरीतून, यवॉन "ऐकलं" म्हणाली. तीस. अठ्ठावीस. सव्वीस.

मग एका वळणावर, नदीच्या काठावर, एका तिरक्या झाडावर ती पाटी आली. वेंडलनं पिकअप थांबवली. काच खाली केली आणि पाटी मोठ्यानं वाचली. मग खाली उतरला, जवळ गेला, आकड्यावर हात ठेवला, आणि परत येऊन बसला.

"दे," तो म्हणाला.

लोर्नानं माइक दिला. त्यानं घसा साफ केला नाही.

"मिलिगन. चोवीस. खाली. पिकअप." तो क्षणभर थांबला. "या वेळी खरंच."

रेडिओ खरखरला. मग यवॉन पहिल्यांदा हसली.

"ऐकलं, चोवीस. या आता."